खरूज कोणी आणली?

सुगंधाअक्कांना कुणाला माफ करणं जमत नसे. आमच्याकडे सगळे याला त्यांचा दोष म्हणायचे, मीही म्हणायचो. आता म्हणत नाही. 'जाऊ द्या अक्का, सोडून द्या' असं त्यांना सांगणाऱ्यांपैकी एकाच्याही अंगावर तसला आरोप आलेला नव्हता. दुसऱ्याच्या वतीनं मोठं मन करायला कुणाचं काय जातं?

धुळ्याच्या बाहेर, सोनगीरकडे जाणाऱ्या रस्त्याला, स्मृती गेलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारं आमचं केंद्र आहे. मी तिथला कारकून. त्या काळात सव्वीस जण राहायचे. रावेरकडचे केळीवाले, चाळीसगावचा एक कापडवाला, दोन मास्तर, एक तलाठी, आणि जन्मभर चूल सांभाळून आता चुलीचंही नाव विसरलेल्या बायका. सुगंधाअक्का तिथल्या मुख्य सेविका. जळगावच्या एका दवाखान्यात आयाचं काम करून त्या आमच्याकडे आल्या होत्या. ठेंगण्या, सावळ्या, सुती पातळ, पदराला सेफ्टी पिन आणि पिनेला अडकवलेलं नेलकटर. मंगळवार आणि रविवार नखांचा. तलाठी आबा नखं कापताना शिव्या द्यायचे, तर अक्काही त्यांना तितक्याच शिव्या द्यायच्या आणि दहाही नखं पार पाडायच्या.

त्या कुणाचंही तोंड बघायच्या आधी हात बघत. दारात पाहुणा उभा राहिला की नजर थेट बोटांच्या बेचक्यात. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तोंड खोटं बोलस भाऊ, हात नही बोलत." आमच्याकडच्या माणसांना ताप आला तरी सांगता येत नाही, पोटात कळ आली तरी ती कुठे आली ते कळत नाही. एकाला काही लागलं की चार दिवसांत ते अर्ध्या घराला लागतं, कारण कोण कुणाच्या पलंगावर झोपेल, कोण कुणाच्या ताटातलं उचलेल याचा नेम नसतो. साबणानं हात धुवा म्हटलं तर ऐकणार कोण? अक्कांनी त्यावर तोड काढली होती. जेवणाआधी साबणाच्या कोमट पाण्याची परात आणायच्या, तिच्यात मूठभर चमचे टाकायच्या आणि बायकांना म्हणायच्या, पाहुणा येई राह्यना, चमचा धुई टाका. घर विसरलेल्या बायका घासायचं विसरल्या नव्हत्या. चमचे स्वच्छ निघत, हातही निघत. पुरुषांना दुसऱ्या परातीत पेरूच्या फोडी किंवा बियाणं म्हणून हरभरे. आमच्याकडची जुलाबाची साथ त्या पराती आल्यापासून कमी झाली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि डूख. तो त्या सांभाळून ठेवत. "आठे बठ्ठा इसरतस," म्हणायच्या, "एक तरी याद ठेवनारं जोयजे." इथे सगळेच विसरतात, एक तरी लक्षात ठेवणारं पाहिजे.

एका पावसाळ्यात रावेरकडच्या एका म्हाताऱ्याचा मुलगा भेटायला आला. काळा गॉगल लावून. अक्कांनी दारातच हात आडवा केला. डोळे आले असतील तर आत नाही, आठ दिवसांनी या. तो केळीचा मोठा बागायतदार, त्याला कोण अडवणार? "बापाले भेटाले बी तुले इचारू का?" म्हणत त्यानं त्यांना खांद्यानं बाजूला सारलं आणि आत जाऊन बापाच्या गालाला गाल लावून बसला. चार दिवसांत आठ जणांचे डोळे लाल. डोळे चोळू नका हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. अक्कांनी त्यांच्या हातात कापडाचे गोळे दिले, उशांचे अभ्रे दिवसातून दोनदा बदलले, आणि वाट पाहिली.

महिन्याभरानं तो परत आला. तेव्हा दोघा जणांचं औषध अजून चालू होतं. अक्कांनी फाटकाला आतून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. "बस आठे. आज थेंब तू टाकशी." तो हसला, मग चिडला, मग मला म्हणाला साहेब सांगा ना हिला. मी मस्टरमध्ये डोकं घातलं. सकाळपासून संध्याकाळच्या चहापर्यंत चार वेळा त्यानं त्या दोघांच्या डोळ्यांत थेंब टाकले. एकानं त्याच्या सदऱ्यावर थुंकलं. दुसरा त्याचा स्वतःचा बाप होता, त्यानं पोराच्या अंगठ्याला असा चावा घेतला की रक्त आलं. जाताना अक्कांनीच अंगठ्याला पट्टी बांधून दिली. पुन्हा तो कधी गॉगल लावून आला नाही.

हे सगळं मजेत सांगतोय, कारण तेव्हा मजाच वाटायची. आता दादासाहेबांकडे येतो.

दादासाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष. निवृत्त प्राचार्य, पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, आवाज भारदस्त. त्यांना दोन गोष्टींची हौस होती, भाषणाची आणि फोटोची. कोणी देणगीदार, कोणी पुढारी आला की म्हाताऱ्यांना दिवाणखान्यात ओळीनं बसवायचं, प्रत्येकाच्या खांद्यावर पाहुण्याच्या हस्ते शाल घालायची, फोटो काढायचा. आणि पाहुण्याची गाडी फाटकाबाहेर पडली की शाली काढून, घडी घालून परत कपाटात ठेवायच्या. संस्थेकडे बारा शाली होत्या. त्याच बारा. प्रत्येक सत्काराला वेगळी माणसं, पण शाली त्याच. त्या कधी धुतल्या गेल्या नाहीत, कारण धुतल्यावर इस्त्री जाते.

एक दिवस दादासाहेबांनी स्वतःच्या सासऱ्यांना केंद्रात आणलं. सोनगीरचे नाना. जन्मभर तांब्याची भांडी ठोकली, आता हातात काही नसलं तरी मांडीवर ठोकत राहायचे. नवीन माणूस आला की त्याचं अंग अक्कांनी तपासायचं आणि पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं, हा अक्कांचा नियम होता. दादासाहेब म्हणाले, "अहो, ते घरचेच आहेत. त्यांना कसली तपासणी?" आणि नाना सरळ मोठ्या खोलीत आले. नानांच्या कोपरांवर, पाठीवर, बोटांच्या बेचक्यांत जाड राखाडी खपल्या होत्या. दादासाहेब म्हणाले, कोरडी कातडी, खोबरेल लावा. आठवड्यात एक सत्कार झाला. फोटोत नाना पहिल्या खुर्चीत होते.

महिना-सव्वा महिन्यानं एकेक जण खाजवायला लागला. आमची माणसं खाज येते असं सांगत नाहीत. ती रडतात, मारायला धावतात, कपडे काढून टाकतात. केंद्राच्या डॉक्टरनं शांत करायच्या गोळ्या लिहून दिल्या. अक्का माझ्या टेबलाशी आल्या आणि सत्कारांचे फोटो मागितले. मी कॉम्प्युटरवर उघडून दिले. बराच वेळ त्या पडद्यावर बोट ठेवून बघत होत्या.

"हाई देख भाऊ. पहिले कोन खाजवाले लागनं? हाऊ. मंग हाई. मंग हाऊ. बठ्ठा शालवाला शेतस. आनि हाऊ नाना."

ही खरूज आहे, आणि नानांची खरूज साधी नाही, त्या खपल्यांत किडेच किडे असतात, शालीतूनसुद्धा लागते, हे त्यांनी जळगावच्या वॉर्डात पूर्वी पाहिलेलं होतं. फोटो छापून घेऊन त्या दादासाहेबांच्या खोलीत गेल्या. दार लावून, एकट्यांना सांगितलं. त्यांचा मान राखला. त्वचेच्या डॉक्टरला बोलवा, सगळ्यांना एका दिवशी औषध लावू, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. मी बाहेर बसून ऐकत होतो.

तिसऱ्या दिवशी रविवार, नातेवाइकांची सभा. दोघातिघांनी आपल्या माणसांच्या अंगावरचे ओरखडे पाहिले होते. दादासाहेबांनी सकाळी मला बोलावलं आणि एक पत्र सांगितलं, मी ते टाइप केलं. संस्थेतील एका सेविकेच्या राहत्या वस्तीतून त्वचारोगाचा संसर्ग आलेला असून सदर सेविकेस तत्काळ कमी करण्यात येत आहे. 'राहत्या वस्तीतून' हे शब्द सांगताना ते थोडे थांबले, मग म्हणाले, "असू द्या. लोकांना समजेल." अक्का बौद्ध आहेत आणि कुठल्या वस्तीत राहतात हे सगळ्यांना माहीत होतं. लोकांना काय समजावं असं त्यांना वाटत होतं ते मलाही समजलं. मी टाइप केलं. खाली तारीख घातली. माझ्या दोन मुली शिकत होत्या, हे कारण मी आजवर स्वतःला शंभरदा दिलंय आणि ते मला एकदाही पटलेलं नाही.

दादासाहेबांनी दिवाणखान्यात उभं राहून ते पत्र वाचलं. मग तेच नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. अक्का खिडकीशी एका आजींची नखं कापत होत्या. चाळीस माणसांनी माना वळवून त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं हातातला चहाचा कप हळूच खाली ठेवला, तो चहा अक्कांनी दिला होता. अक्कांनी त्या हाताची उरलेली तीन नखं कापली, कापलेली नखं कागदात गुंडाळली, आणि उठल्या. माझ्या टेबलाजवळून जाताना थांबल्या.

"पत्र तुमनी लिखं का, साहेब?"

त्याआधी त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं. भाऊ म्हणायच्या. मी हो म्हणालो.

त्यांच्या जागी दोन सेविका आल्या आणि चार दिवसांत पळाल्या. बाराव्या दिवशी सव्वीसातले एकोणीस जण खाजवत होते. चाळीसगावच्या शेठनी रक्त निघेपर्यंत पोट ओरबाडलं होतं. दादासाहेबांनी मला अक्कांच्या घरी पाठवलं. स्वतः गेले नाहीत. घर दोन खोल्यांचं, ओटा धुतलेला, गोधड्या उन्हात. अक्कांनी मला आत बोलावलं नाही.

"हात दावा."

मी हात पुढे केले. त्यांनी बेचक्यात पाहिलं. "तुमले बी झायी, साहेब. मले नही. देखा." आणि त्यांनी आपले दोन्ही हात माझ्या नाकासमोर पसरून धरले. लहान, खरखरीत, पण एकही पुळी नसलेले हात. मी बघत राहिलो, कारण त्यांनी ते खाली घेतलेच नाहीत.

त्यांची एकच अट होती. "जठे उभा राहीसन बोलनात, तठेच उभा राहीसन, त्याच लोकेस्नामोरे सांगाले जोयजे. खरूज मी आनी नही. बस." मी निरोप दिला. दादासाहेब म्हणाले, "हो हो, सगळं आटोपू दे." ते खोटं बोलताहेत हे अक्कांना माझ्या तोंडावरूनच कळलं असावं. तरी त्या आल्या. म्हणाल्या, म्हाताऱ्यांनी काय केलं?

त्वचेच्या डॉक्टरनं औषध लिहून दिलं, नानांना वेगळ्या गोळ्या. मलम मानेपासून पायाच्या नखापर्यंत, सगळ्यांना, एकाच दिवशी, आणि बारा तास धुवायचं नाही. आता तुम्ही विचार करा, दोन नातवंडांची आजी, जिला नवऱ्याचं नावही आठवत नाही, ती अनोळखी बाईला अंगावरचं लुगडं सोडू देईल? अक्कांनी मलमाच्या वाट्यांशेजारी ताटात हळद ठेवली, आंब्याचे डहाळे आणले, आणि दिवाणखान्यात पाट मांडला. "हळद शे आज! चाला, नवरीले हळद लावा!" पहिल्या आजी पाटावर बसल्या. दुसऱ्या गाऊ लागल्या. हळदीची अहिराणी गाणी, जी त्यांच्या मुलींनाही येत नाहीत, ती त्यांना सबंध येत होती. बायका आपणहून हात पुढे करू लागल्या. कापडवाले शेठ पाटावर बसताना लाजले आणि म्हणाले, "नवरी कोनती शे?" अक्का म्हणाल्या, "गोरी शे. गप ऱ्हा, नही ते पळी जाई." दुपारपर्यंत सव्वीस नवरे-नवऱ्या मलमानं पांढऱ्या झाल्या. कपडे उकळत्या पाण्यात, उरलेले पिशव्यांत बांधून ठेवलेले. शाली अक्कांनी स्वतः मागच्या अंगणात जाळल्या. मलाही त्यांनी बनियनवर बसवून पाठीला मलम चोळलं, आणि इतकं दाबून चोळलं की मला ते मलम नसून शिक्षाच आहे असं वाटलं. दादासाहेब आले नाहीत. घरी लावलं म्हणाले. आठवड्यानं दुसरा हात झाला. दीड महिना अक्कांनी रोज बेचके तपासले. घर स्वच्छ झालं.

मग मी सभेची वाट पाहू लागलो. अक्काही.

सभा नाही झाली. सत्कार झाला. दादासाहेबांनी त्याच जागी उभं राहून, नवी शाल हातात घेऊन, अक्कांनी संस्थेला कसं संकटातून वाचवलं याचं पंधरा मिनिटं भाषण केलं. अक्का पुढे गेल्या, पण शालीसाठी मान वाकवली नाही. "शाल ऱ्हाऊ द्या. बोला." दादासाहेब हसले. "आमच्या अक्का अशा साध्या आहेत!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत ती कप ठेवणारी बाईही टाळ्या वाजवत होती. खरूज संपली होती, पण ती अक्कांनी आणली आणि अक्कांनीच निस्तरली, अशी गोष्ट आता पक्की झाली होती.

मी त्यांना म्हटलं, अक्का, नोकरी सोडा, दुसरीकडे मिळेल. "तो बोली तवय जासु," म्हणाल्या, दादासाहेब बोलतील तेव्हाच जाईन. नंतर तो विषय त्यांनी काढला नाही.

तीन वर्षं गेली. दादासाहेब भाषणात तेच वाक्य दोनदा म्हणायला लागले, मग चारदा. मग घराचा रस्ता चुकले. मग एके दिवशी त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी, त्यांना गाडीतून आमच्याच फाटकात उतरवलं, राहायला. नवीन अध्यक्षांनी अक्कांकडे बघितलं. अक्का म्हणाल्या, "पंधरा दिन येगळी खोली. आधी आंग देखसु." आणि दादासाहेबांना उभं करून, पूर्ण बाह्यांचा शर्ट काढून, काखेपासून टाचेपर्यंत तपासलं. तेव्हा वहिनी माझ्याजवळ हळूच बोलून गेल्या. म्हणाल्या, नाना केंद्रात यायच्या आधीपासून आमच्या घरी खाज होती. यांनाही होती. त्यांनी मलम कधी लावलंच नाही, शहरातल्या डॉक्टरकडे चोरून इलाज केला. मी ते अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माहित शे."

लोकांना वाटलं आता अक्का त्यांना उपाशी ठेवतील. झालं उलटंच. दादासाहेबांइतकी निगा कुणाची झाली नाही. कुशीवर वळवणं वेळेवर, जखम एक नाही, नखं गुळगुळीत. त्या हिवाळ्यात खोकल्या-तापाची साथ आली. अक्कांनी मोठी खोली चादरी बांधून दोन भागांत केली, खोकणारे एकीकडे, बाकीचे दुसरीकडे, आणि दोन्हीकडे वेगळी सेविका. दोन म्हातारे गेले. दादासाहेबांची छाती भरली, तेव्हा त्यांच्या तोंडात अक्का चमच्यानं पेज घालत सहा दिवस बसल्या. नातेवाईक म्हणू लागले, केवढं मन! मला राहवलं नाही, मी विचारलं.

"मी त्याले मरू देनार नही," अक्का म्हणाल्या. "त्यानं बोलाले जोयजे."

त्यानंतर रोज सकाळी दहाला, न्याहारी झाल्यावर, त्यांचं डोकं त्यातल्या त्यात ताळ्यावर असताना, अक्का त्यांची चाकांची खुर्ची दिवाणखान्यात त्याच जागी नेऊन उभी करत आणि विचारत, "खरूज कोनी आनी?" कधी ते म्हणत, कोण तुम्ही? कधी म्हणत, अध्यक्ष महोदय आणि मित्रहो. एकदा हसून म्हणाले, "सेविकेच्या राहत्या वस्तीतून," आणि मला खुर्चीसकट त्यांना फाटकाबाहेर ढकलावंसं वाटलं. अक्कांनी फक्त त्यांच्या हनुवटीवरची लाळ पुसली. मला हे सगळं क्रूर वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

चैत्रातली एक सकाळ होती. दिवाणखान्यात दहा-बारा म्हातारे, परातीत चमचे धुणाऱ्या बायका, आणि टेबलाशी मी. अक्कांनी विचारलं. दादासाहेब बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. डोळे एकदम जुने झाले, प्राचार्याचे.

"सुगंधाबाई," ते म्हणाले, "आमच्या घरातून आली. नानांना मी तपासू दिलं नाही. तुम्ही मला फोटो दाखवला होता. मला माहीत होतं."

कुणी वर पाहिलं नाही. चमचे वाजत होते. अक्का वळल्या आणि माझ्याकडे आल्या.

"लिखा साहेब. ते बी तुमनीच लिखेल व्हतं. आते हाई लिखा."

मी संस्थेच्याच कागदावर लिहिलं. आधीच्या पत्रात काय खोटं होतं, ते कुणी सांगितलं, कुणी टाइप केलं, नाव घालून. दादासाहेबांचे शब्द जसेच्या तसे. सोबत शालींचा फोटो जोडला. ग्रुपवर टाकलं, आणि जुन्या चाळीस पत्त्यांवर पोस्टानंही धाडलं. काहींनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. एकानं लिहिलं, आता याची काय गरज होती? दुसऱ्यानं लिहिलं, अशा अवस्थेतल्या माणसाचं बोलणं काय धरायचं? ते शुद्धीवर असताना बोलले होते तेव्हा यातल्या एकानंही असं विचारलं नव्हतं. नवीन अध्यक्षांनी मला नोटीस दिली. ती मी फायलीला लावली.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी नव्या सेविकेला तासभर एकेक माणूस समजावून सांगितला. कुणाला चहा बशीत लागतो, कुणाच्या डाव्या कानात बोलायचं. दादासाहेबांचंही सांगितलं, काहीही न वगळता. मग पिशवी उचलली आणि निघाल्या. मला म्हणाल्या, "येस मी, साहेब," येते अशा अर्थानं.

फाटकापासून महामार्ग तीस पावलांवर आहे. अक्का कडेला रिक्षाची वाट बघत उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून. दादासाहेबांनी खिडकीचे गज धरले होते. "अक्का," ते ओरडले. "अक्का! अहो अक्का, कुठे चाललात?" आवाज अजून भारदस्त होता, रस्त्यापर्यंत सहज जात होता. माझी खात्री आहे की त्यांना ऐकू आलं. त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला. रिक्षा थांबली, त्या बसल्या, रिक्षा धुळ्याकडे गेली. त्यांनी मान वळवली नाही.

दादासाहेब थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "कोण गेल्या हो त्या?"

मी त्यांना सांगितलं नाही.